माधवकडून

“माधवकडून मला ही अपेक्षा नव्हती,” कुमुद फोनवर कुणाला तरी म्हणाली, आणि दाढी करता करता माझा हात गालावरच थांबला.

धनत्रयोदशीची सकाळ होती. आमच्या न्हाणीघराची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच, आणि तीही पातळ. तिकडे चमचा पडला तरी इकडे कळतं. मी नळ बंद केला.

“गेल्या दिवाळीला केवढं दिलं होतं त्यानं. यंदा काय, तर पणती. एकच. आठवडाभर वाट बघायला लावली आणि तोंडाला पानं पुसली.” मग ती थोडा वेळ पलीकडच्याचं ऐकत राहिली. “छे, मी नाही आता बोलणार त्याच्याशी. आला तर येऊ दे. अंगणात उभा राहील आणि जाईल परत.”

आमच्या घराला अंगण नाही. जिन्याखाली स्कूटर लावण्यापुरती जागा आहे. पण हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. डोक्यात फक्त ते नाव फिरत होतं. गालावरचा साबण वाळून गेला तरी मी आरशासमोर तसाच उभा होतो.

माधव हे नाव मी काही पहिल्यांदा ऐकत नव्हतो. वर्षभर ते माझ्या घरात फिरत होतं.

फलटणच्या पेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. पाटीवर ‘वेळापुरे आणि मंडळी’ असं लिहिलेलं आहे. मंडळी म्हणजे मी, श्रीरंग वेळापुरे, आणि सणासुदीला गल्ल्याशेजारी येऊन बसणारी कुमुद. लेक ऋतुजा नोकरीला बंगळूरला गेली तेव्हा तिनं आईला नवा मोबाइल घेऊन दिला आणि त्यात एक खेळ घालून दिला, ‘आनंदवाडी’ नावाचा. आपलं एक गाव वसवायचं, झाडं लावायची, विहीर खणायची, गोठा बांधायचा. दुपारची भांडी आवरली की कुमुद चष्मा लावून त्यात डोकं घालायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. लेकीवाचून घर खायला उठायचं, त्यापेक्षा हे बरं असं मी समजत होतो.

मग संक्रांत आली. कुमुद गच्चीवर तीळ वाळत घालायला गेली होती आणि तिचा मोबाइल ओट्यावर होता. तो वाजला, उजळला, आणि माझ्यादेखत त्यावर अक्षरं आली. ‘कुमुद, तुझ्यासाठी काहीतरी आणलंय. लवकर ये. – माधव.’

ताई नाही, काकू नाही. नुसतं कुमुद. आणि ‘तुझ्यासाठी’. तिची आई गेल्यानंतर तिला नुसतं कुमुद म्हणणारा जगात मी एकटाच उरलोय, असा माझा समज होता.

सरळ विचारायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. पण विचारलं असतं तर मला लागलंय हे तिला कळलं असतं, आणि ते मला मंजूर नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या माणसानं बायकोला ‘हा कोण’ म्हणून विचारायचं, तेही हातात गुळाची ढेप घेऊन, हे काही मला शोभलं नसतं. मी गूळ डब्यात टाकला आणि दुकानात निघून गेलो.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागलो. सण आला की माधव आलाच. गुढीपाडव्याला आला, नागपंचमीला आला, गणपतीत तर दोनदा आला. मोबाइल वाजला की कुमुद हातातलं काम टाकून जायची आणि परत येताना तिच्या चेहऱ्यावर काहीतरी असायचं. लहान मुलांना खाऊ मिळाल्यावर असतं तसं. माझ्या पोटात दुखायचं. जेवण चांगलं असलं तरी मी मीठ कमी आहे म्हणायचो.

हा माधव कोण असावा, याचाही मी विचार करून ठेवला होता. तिच्या थोरल्या भावाचा माधव नावाचा एक मित्र होता. एकदा जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“तुझ्या दादाचा तो मित्र होता ना, माधव. हल्ली कुठं असतो?”

“कोण माधव?”

“आपल्या लग्नात पंगतीत जिलबी वाढत होता तो. कुरळ्या केसांचा.”

“तुम्हाला बरा लक्षात राहिला.”

“तुझ्या पानात किती वाढत होता, ते लक्षात राहिलं.”

“नवरी होते मी. नवरीला सगळेच वाढतात,” ती म्हणाली आणि मला आमटी वाढली. आमटी वाढताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. एवढं मला पुरलं. त्या दिवसापासून माझ्या मनातल्या माधवाला कुरळे केस आले.

तर धनत्रयोदशी. आमच्या धंद्यात वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस. सकाळपासून दुकानात पाय ठेवायला जागा नसते, कारण त्या दिवशी प्रत्येक घरात निदान एक तरी भांडं यावं लागतं. खरेदीवर मी दरवर्षी एक छोटी वाटी फुकट देतो. त्या वर्षी स्टीलचा भाव इतका चढला होता की वाटी परवडेना, म्हणून मी चमचा ठेवला होता. चमचा चांगला होता, नक्षीचा होता. पण लोकांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

“गेल्या वर्षी वाटी होती,” एक बाई चमचा उलटा-सुलटा करत म्हणाली.

“यंदा चमचा आहे,” मी म्हणालो.

“आम्ही वाटी मिळेल म्हणून लांबनं आलो. पाच वाट्या झाल्यात घरी, सहावी झाली की संच पुरा झाला असता.”

“अहो, पण ती फुकट होती.”

“म्हणून काय झालं?”

ती गेल्यावर मी कुमुदकडे बघून म्हणालो, “बघ आता. फुकट दिलेल्या वस्तूवर हक्क सांगतात. यांना काय मी दर दिवाळीला वाटी देईन असं लिहून दिलंय?”

“लिहून नसेल दिलं,” कुमुद पिशवी भरत म्हणाली, “पण सवय तर तुम्हीच लावलीत. माणूस वर्षभर मनात धरून बसतो. मग ऐन सणाला चमचा हातात ठेवला की वाईट वाटणारच. वस्तूचं नाही वाटत हो. आपली वाट बघणं फुकट गेलं, त्याचं वाटतं.”

हे ती त्या बाईबद्दल बोलत नव्हती. तिचा आवाज जड झाला होता. हे माधवाबद्दल होतं, त्याच्या पणतीबद्दल होतं, आणि माझ्याच दुकानात, माझ्याच गल्ल्यापाशी बसून ती ते बोलत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“ज्यांना पटत नाही त्यांनी दुसरीकडे जावं,” मी म्हणालो.

“जातील की,” ती म्हणाली.

त्यानंतर गिऱ्हाइकांची रीघ लागली आणि आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. मी मागच्या बाजूला नावं घालायला बसलो. भांड्यावर नाव घालणं हे आमच्याकडे फुकट असतं आणि ते मी कुणाला करू देत नाही. छोटं विजेचं मशीन असतं, पेनसारखं धरायचं, कुर्रकुर्र आवाज येतो. कुणाला दिलं, कुणाकडून, कशानिमित्त. फलटणमधल्या अर्ध्या घरांतल्या मांडण्यांवर माझं अक्षर आहे. हात इतका बसलाय की अक्षराकडे बघावं लागत नाही, मन दुसरीकडे असलं तरी चालतं. निदान मला तसं वाटत होतं.

आणि मन दुसरीकडेच होतं. मी हिशेब मांडत होतो. काय देत असेल हा माधव? गेल्या दिवाळीला ‘केवढं’ दिलं म्हणजे नेमकं काय? घरात तर काही नवीन दिसलं नव्हतं. मी दर पाडव्याला कुमुदला ओवाळणीत भांडं घालतो. लग्नाला पंचविसाच्या वर वर्षं झाली, एकही पाडवा चुकवलेला नाही. कधी पातेलं, कधी कढई, कधी तांब्या. चांगलं जाड बुडाचं, दुकानातलं निवडून. तिनं एका शब्दानं कधी तक्रार केली नाही, ना कधी कमी म्हणाली ना जास्त. भांडं घेते, हळदीकुंकू लावते, मांडणीवर ठेवते. याचा मला अभिमान होता. आणि त्या माधवानं एक वर्ष पणती दिली तर ही सकाळी सकाळी फोनवर रडवेली होते.

मशीन कुर्रकुर्र करत होतं आणि मला एकदम कळलं की आपल्याला नेमकं काय झोंबतंय. माधव देतो हे नव्हतं. ती त्याच्यावर रुसली होती, हे होतं. तो भिंतीपलीकडून ऐकलेला आवाज माझ्या ओळखीचा होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी तिला शिंगणापूरच्या जत्रेला नेतो म्हणून कबूल केलं आणि माल आणायला पुण्याला निघून गेलो. परत आलो तेव्हा ती अशीच बोलली होती. ‘तुमच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती.’ तीन दिवस पोळी माझ्या ताटात लांबून पडत होती. त्यानंतर तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला वाटायचं, संसार मुरला. आता तो आवाज निघाला होता, पण दुसऱ्यासाठी.

मला जळून गेल्यासारखं झालं. मी पुढचा डबा ओढला आणि त्यावर नाव घालायला लागलो.

दुसऱ्या दिवशीच्या अभ्यंगस्नानाला तिनं माझ्या पाठीला तेल चोळलं, उटणं लावलं, सगळं केलं. मी मुद्दाम म्हणालो, “तेल कोमट नाही झालं नीट.” ती म्हणाली, “बरं, उद्यापासून करते.” आणि हसून आत गेली. रागावली नाही. मला तेही लागलं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी दुकानात पूजेची तयारी चालली होती. कुमुद गल्ला पुसत होती आणि मी झेंडूची माळ बांधत होतो, तेवढ्यात सुलभाताई पाटणे आल्या. या कुमुदच्या भिशीतल्या. तोंडानं फटकळ, पण मनानं चांगल्या. त्यांनी पिशवीतून एक झाकणाचा स्टीलचा डबा काढला आणि काचेवर ठेवला, जरा जोरातच.

“श्रीरंगराव, हा माधव कोण?”

माझ्या हातातली माळ तुटली. फुलं फरशीवर पसरली.

“कोण माधव?” मी म्हणालो. माझा आवाज मलाच कुमुदसारखा वाटला.

“तेच मी विचारतेय. आमच्या प्राजक्ताचा पहिला दिवाळसण. उद्या जावई येणार, व्याही येणार. मी आत्या म्हणून पोरीला डबा घेतला, तुमच्याकडे नाव घालायला दिला. काय घालायचं ते तुमच्यासमोर दोनदा सांगितलं. आणि हे काय घातलंत? वाचा.”

मी वाचायला गेलो नाही. मला आत्तापर्यंत अंदाज आला होता. डबा कुमुदनं उचलला, चष्मा लावला, आणि मोठ्यानं वाचलं.

“चि. सौ. प्राजक्ता हिस दिवाळसणानिमित्त सप्रेम, माधवकडून.”

“तरी बरं, बांधायच्या आधी मी झाकण पुसायला घेतलं,” सुलभाताई म्हणाल्या. “चार माणसांत जावयानं विचारलं असतं, हा माधव कोण, तर पोरीनं काय सांगायचं होतं? लग्नाला सहा महिने नाही झाले.”

कुमुद डब्याकडे बघत होती. मग तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी खाली बसून फुलं गोळा करत होतो, आणि ती गोळा करायला मी पुष्कळ वेळ घेत होतो.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “हा आपला माधव का?”

‘आपला’ म्हणाली. माझ्या तोंडावर.

“तो तुझा असेल,” मी जमिनीकडे बघत म्हणालो. “माझा काही संबंध नाही.”

“अगंबाई,” सुलभाताई म्हणाल्या, “म्हणजे गेममधला माधव? तो होय? मग मला लगेच कसं कळलं नाही. माझ्याकडे पण येतो की तो.”

मी फुलांसकट उभा राहिलो. “तुमच्याकडे पण?”

“भिशीतल्या सगळ्यांकडे येतो. यंदा मलाही पणतीच दिली मेल्यानं. सकाळी कुमुदला मी फोन केला ना धनत्रयोदशीला, तेव्हा आमचं तेच चाललं होतं. गेल्या दिवाळीला गाय दिली होती, वासरासकट. गळ्यात घुंगरू. यंदा आम्हाला वाटलं बैलगाडी तरी देईल. आम्ही सगळ्यांनी अंगणात जागा मोकळी करून ठेवली होती. आणि दिली काय, पणती. तीही कोरडी, तेल आपलं आपण घालायचं.”

कुमुदनं मोबाइल काढला, बोटानं दोन-चार ठिकाणी दाबलं आणि माझ्यासमोर धरला. त्यात एक चित्रातलं गाव होतं. कौलारू घर, विहीर, गाय, वासरू. आणि अंगणात एक पोरगा उभा होता. गुलाबी फेटा, झुपकेदार मिशा, काखेत शेळी. दर थोड्या वेळानं तो डोळे मिचकावत होता. त्याच्या डोक्यावर अक्षरं होती. ‘कुमुद, दिवाळीच्या शुभेच्छा. तुझा शेजारी, माधव.’

“हा?” मी म्हणालो.

“हा,” कुमुद म्हणाली.

“याचे केस कुरळे नाहीत.”

“फेटा आहे त्याच्या डोक्यावर.”

सुलभाताईंना मी त्याच मापाचा नवा डबा काढून दिला, त्यांच्यासमोर बसून, एकेक अक्षर बघून ‘आत्याकडून’ असं नाव घातलं. त्यांनी ते तिथल्या तिथे दोनदा वाचलं. जाताना म्हणाल्या, “तुमचा चमचा पण परत देऊ का? वाटी असेल तर द्या.” मी निमूटपणे मागच्या कपाटातून गेल्या वर्षीची उरलेली एक वाटी काढून दिली.

त्या गेल्या आणि मग कुमुद हसायला लागली. सुरुवातीला तोंडावर पदर धरून, मग गल्ल्यावर डोकं टेकून. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना.

“म्हणजे संक्रांतीपासून तुम्हाला वाटत होतं,” तिला बोलता येईना, “आमटीत मीठ कमी, ते सगळं यामुळं? आणि तो दादाचा मित्र, जिलबीवाला?”

“हसण्यासारखं काही नाही,” मी म्हणालो.

“अहो, तो शिरवळला कारकून होता. रिटायर झाला. टक्कल पडलंय त्याला पार.”

हे ऐकून बरं वाटलं, ते मी लपवत नाही. पण आतली टोचणी गेली नाही. माणूस नाही, चित्र आहे, हे कळल्यावर मी मोकळा व्हायला हवा होतो. उलट मला जास्तच लागलं. माणूस असता तर निदान त्याच्याशी दोन हात करता आले असते.

“चित्रावर एवढं रुसायचं?” मी विचारलं. “सकाळी सकाळी फोनवर रडायची पाळी आली होती तुझी. मी ऐकत होतो.”

तिचं हसू हळूहळू ओसरलं. तिनं चष्मा काढून पुसला.

“चित्र आहे ते मला काय कळत नाही का? पण तो दर सणाला काहीतरी वेगळं आणायचा. काय आणेल ते आधी कळायचं नाही. मग मी दोन दिवस आधीपासून मनात खेळत बसायची, हे असेल का, ते असेल का. ती सवय लागली मला. वाट बघितली, म्हणून राग आला.”

“माझ्यावर बरी कधी रागावली नाहीस.”

“तुमच्यावर कशाला?” ती म्हणाली. तिच्या आवाजात कुठं खोच नव्हती, आणि त्यामुळंच ते मला आरपार गेलं. “तुमचं काय येणार ते मला माहीत असतं. भांडं येणार. वाट कशाची बघायची?”

मग ती उठली आणि लक्ष्मीच्या पाटाखाली रांगोळी काढायला बसली. मी काचेवरच्या डब्याकडे बघत राहिलो. तिच्या घरात सगळ्यांची नावं घातलेली भांडी होती. आईचं, मामाचं, दादाचं, माझ्या बहिणींचं. मी दिलेल्या एकाही भांड्यावर नाव नव्हतं. घरच्या भांड्याला नाव कशाला, म्हणून मी कधी घातलंच नव्हतं. अख्ख्या फलटणच्या भांड्यांवर माझं अक्षर होतं, आणि तिच्या भांड्यांवर नव्हतं.

पूजा झाली, फटाके झाले, दुकानात पेढे वाटून झाले. कुमुद घरी गेली आणि मी मागं थांबून शटर अर्धं खाली ओढलं. मला एक कल्पना सुचली होती. ती मला इतकी आवडली की मी एकटाच हसत होतो. सुलभाताईंचा फसलेला डबा मी समोर घेतला. ‘माधवकडून’ या अक्षरांवर मशीननं एक आडवी रेघ मारली, चांगली खोल. मग डबा फिरवला आणि दुसऱ्या बाजूला, माझं सगळ्यात चांगलं अक्षर काढून, नाव घातलं. ‘कुमुदला, श्रीरंगकडून. पाडवा.’

मला वाटलं, ती हसून हसून लोळेल. वर्षभराची सगळी गंमत त्या एका डब्यावर आली होती. असं काही देण्याची अक्कल फेटेवाल्याला असती का?

पाडव्याच्या सकाळी मी पाटावर बसलो. कुमुदनं नवी साडी नेसली होती, मोरपंखी. तिनं मला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली, ओवाळलं. आणि मग ती थांबली. दरवर्षी मी भांडं ठेवतो आणि ती तबक उचलून आत जाते, भांडं नंतर कधीतरी मांडणीवर चढतं. त्या दिवशी ती हलली नाही. तबक हातात धरून ती माझ्या हातांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं, मोबाइल वाजल्यावर यायचं ते.

मी कागदात गुंडाळलेला डबा तबकात ठेवला. तिनं तिथंच कागद काढला. तिनं तिथंच कागद काढणं हेही कधी झालेलं नव्हतं. आधी माझ्या नावाची बाजू वर आली. तिनं ती वाचली, अक्षरावरनं बोट फिरवलं. मी म्हणालो, “फिरव, फिरव. खरी मजा पलीकडं आहे.”

तिनं डबा फिरवला. प्राजक्ताचं नाव वाचलं, खोडलेला माधव वाचला. मी हसायला लागलो. ती हसली नाही.

“हा सुलभाचा डबा,” ती म्हणाली.

“हो. बघ ना, माधवाला कसा खोडलाय.”

“म्हणजे दुकानात पडून राहिलेला. कुणाला विकता येत नाही तो.”

“अगं तसं नाही...”

“आयुष्यात पहिल्यांदा नाव घातलंत, ते दुसऱ्याच्या उष्ट्या डब्यावर.” तिनं तबक पाटाशेजारी ठेवलं. “मी रात्रभर विचार करत होते, काय आणतील. म्हटलं एवढं बोललो आपण, आता काहीतरी मनात धरून आणतील. तुमच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती.”

ती आत निघून गेली. स्वयंपाकघराचं दार लागलं. निरांजन तबकात तसंच जळत होतं आणि मी कपाळावर अक्षता घेऊन पाटावर बसून होतो.

आधी मी घाबरलो. मग ते शब्द मला पुन्हा ऐकू आले. तोच आवाज होता. पातळ भिंतीपलीकडून ऐकला होता तो, शिंगणापूरच्या जत्रेच्या वेळी ऐकला होता तो. फक्त या वेळी भिंत मधे नव्हती, आणि माधवाचं नाव नव्हतं. ‘तुमच्याकडून’ म्हणाली होती.

त्या दिवशी ताटात श्रीखंड लांबून पडलं. भाऊबीजेला दादाशी ती भरभरून बोलली आणि माझ्याशी अक्षर नाही. दादानं मला बाजूला घेऊन विचारलं, “काय झालंय हो?” मी म्हणालो, “रुसलीय माझ्यावर.” मी ते अशा तोंडानं सांगितलं असणार की तो बघतच राहिला. दुकानात जाताना मी शीळ घालत होतो. पेठेतल्या दोघा-तिघांनी मागं वळून बघितलं.

या गोष्टीला सात-आठ वर्षं झाली. तिची समजूत कशी काढली ते सांगत नाही, पण त्यात भांडं नव्हतं. आनंदवाडी पुढं कंपनीनं बंद केली. गाय, वासरू, पणती, माधव, सगळंच गेलं. कुमुदला दोन दिवस चुटपुट लागली आणि मी तिच्यासमोर चेहरा पाडून बसलो होतो, जमेल तसा.

तो डबा मात्र आहे. चहाची पावडर त्यात असते. फळीवर तो माझ्या नावाची बाजू पुढं करून ठेवलेला असतो. पण माझं काही चुकलं, काही विसरलो, की कुमुद बोलत नाही. नुसता डबा फिरवून ठेवते. सकाळी चहाला गेलं की समोर खोडलेला माधव. मला त्याचा अजून राग येतो. इतकी खोल रेघ मारूनही तो नीट वाचता येतो.

आज सकाळी डबा फिरलेला होता. मी तिथंच उभा राहून आठवायला लागलो. वाढदिवस नाही, लग्नाचा दिवस नाही, ऋतुजाचा फोनही मीच उचलला होता. काहीतरी कबूल केलं होतं खास, आणि ते विसरलोय. काय ते अजून आठवत नाही. चहा उकळून उतू गेला, तरी मी त्या डब्यासमोर उभा राहून हसत होतो.